पांढरा कुठं थांबला

मारुतीआबांना राग यायला समोरच्यानं चुकायची गरज नसे. समोरचा बरोबर खेळला तरी ते भडकत.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत तार ओढण्याचा एक कारखाना आहे. त्याच्या कामगार क्लबात पूलचं एक जुनं टेबल आहे आणि टेबलाशेजारी, भिंतीला पाठ लावून, लोखंडी खुर्चीत रोज संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ आबा बसलेले असत. कोणीतरी लांबून नेम धरून लाल बॉल थेट कोपऱ्यातल्या पॉकेटात घाली. बघणारे ‘क्या बात है’ म्हणत टेबलाच्या कठड्यावर थापा मारत. तेवढ्यात आबा उठत. पॉकेटाकडे त्यांनी बघितलेलंच नसे.

“लाल गेला, कळलं. पांढरा कुठं थांबला?”

पांढरा एव्हाना टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन बॉलांच्या आड, लपाछपीतल्या पोरासारखा बसलेला असे. मारणाऱ्याचा चेहरा उतरे आणि आबांचा आवाज चढे.

ज्यानं हा खेळ कधी पाहिला नाही त्याला आबांचा संताप कळणं अवघड, म्हणून एवढं सांगायला हवं. पूलमध्ये काठीनं मारता येतो तो फक्त पांढरा बॉल. त्यानं जाऊन रंगीत बॉलांना पॉकेटात ढकलायचं. एकाचे सात साधे, दुसऱ्याचे सात पट्ट्याचे. आपले सात संपले की शेवटी काळा घालायचा आणि डाव जिंकायचा. एक बॉल गेला की पुढचा फटका पुन्हा आपलाच, पण पांढरा जिथं थांबला असेल तिथूनच. बहुतेक माणसं समोरचा बॉल बघतात. आबा आधी काळा बघत. काळा कुठल्या पॉकेटात घालायचा, त्यासाठी पांढरा कुठं हवा, तो तिथं यायचा तर त्याच्या आधी कुठला बॉल मारायला हवा, असं करत ते मागं मागं येत आणि मग पहिल्या फटक्याला वाकत. दर फटक्यागणिक पांढऱ्यासाठी चहाच्या बशीएवढी जागा त्यांनी ठरवलेली असे. ती बशी दुसऱ्या कोणाला दिसत नसे, आणि दिसत नाही म्हणून आबा दुसऱ्यांवर खेकसत.

पांढरा पुढच्या बॉलाच्या अगदी सरळ रेषेत ठेवला, की त्याला हलवणार कसा म्हणून खेकसत. जरा तिरका ठेवायला पैसे पडतात का, असं विचारत. कोणी जोरात मारला की घिवलीच्या खडकावर कालवं फोडायला आलायस का, म्हणत. एकदा तर एका नव्या इंजिनिअरला त्यांनी काठी खाली ठेवून टेबलाभोवती नुसतं तीनदा फिरायला लावलं होतं. चौथ्या फेरीला तो इंजिनिअर थेट घरी गेला.

हे खूळ त्यांना नोकरीतून लागलं असावं. आबा मूळचे सांगलीकडचे, खानापूर तालुक्यातले. तेविसाव्या वर्षी बोईसरला आले, क्रेनवर चढले आणि तेहतीस वर्षं वरच राहिले. छपराखाली रुळांवर फिरणाऱ्या त्या क्रेननं दोन टनांचं तारेचं वेटोळं उचलायचं, ट्रकात ठेवायचं आणि पुढच्या वेटोळ्याकडे वळायचं. बाकीचे ऑपरेटर वेटोळं ठेवलं की सुटलो असं समजत आणि हूक आहे तिथं लोंबकळत ठेवून तंबाखू मळत. आबा एक वेटोळं खाली ठेवतानाच हूक पुढच्याच्या डोक्यावर कसा जाईल ते बघत. त्यांच्या पाळीत दोन ट्रक जास्त भरत. याबद्दल तेहतीस वर्षांत त्यांना कोणी बरं म्हटलं नव्हतं. हाही राग होताच.

खेळ चालू असताना सूचना करून करून आबांनी इतक्या जणांना रडकुंडीला आणलं, की क्लबाचे सेक्रेटरी ज्ञानेशराव यांनी भिंतीवरच्या नियमांत एक वाढवला. ‘खेळणाऱ्यास इतरांनी काहीही सांगू नये.’ त्यात नाव कोणाचंच नव्हतं. पाटी मात्र नेमकी आबांच्या खुर्चीसमोर ठोकली होती. तेव्हापासून आबा ओठ घट्ट मिटून बघत आणि बॉल थांबले की साठलेलं सगळं एकदम सोडत.

घरी मात्र हाच माणूस गायीसारखा. भाजी अळणी असली तरी बोलत नसे, दूध उतू गेलं तर उठून फडकं आणी. चंद्रकांताबाईंना लग्नानंतरची पहिली काही वर्षं आठवत होती, तेव्हा क्लब नव्हता आणि घरातलं एकही भांडं सुखानं आपल्या जागी बसत नव्हतं. त्या शेजारणींना सांगत, की आमच्या यांचा राग दोन तासांचा असतो, आणि तो ते बाहेर संपवून येतात. देवाला हात जोडताना त्या क्लबाचंही नाव घेत.

यंदाच्या स्पर्धेत भानगड झाली ती मिथुनमुळं. मिथुन शिरगावचा, सत्तावीस वर्षांचा, आबांच्याच क्रेनखाली वेटोळ्यांना पट्टे बांधून वर हातानं खुणा करणारा गडी. कामात चोख. टेबलापाशी आला की मात्र नारळ फोडावा तसा पांढऱ्यावर तुटून पडे. पंधराच्या पंधरा बॉल टेबलभर सैरावैरा धावत, एकमेकांवर आदळत, आणि त्यातला एखादा कुठल्यातरी पॉकेटात जाऊन पडे. क्लबाच्या रिवाजात कुठल्याही पॉकेटात पडला तरी चालतो. मिथुन मग मागं वळून हसे. “गेला ना आबा? मंग झाला.” ते हसणं आबांच्या पोटात आम्लासारखं उतरे.

उपांत्य सामन्यात त्यानं पिवळा बॉल डावीकडच्या कोपऱ्यात मारला. पिवळा तीन कठडे खाऊन उजवीकडच्या मधल्या पॉकेटात पडला, जाता जाता त्यानं निळ्यालाही आत ढकललं, आणि पांढरा फिरत फिरत काळ्यासमोर असा येऊन उभा राहिला की आंधळ्यानंही घातला असता. मिथुन अंतिम फेरीत आला. तिथं आबा आधीच पोचलेले होते. लोकांनी मिथुनला खांद्यावर घ्यायचंच बाकी होतं. आबा सगळ्यांवर एकदम तापले. यात खेळ कुठं आहे, हा तर कचरा फेकल्यासारखा मारतो, याला टाळ्या कसल्या वाजवता, असं बरंच काही. ज्ञानेशरावांनी गंमत म्हणून विचारलं, की मग रविवारी हा जिंकला तर आबा काय करणार. वीस माणसं ऐकत होती.

“याच्याकडून हरलो तर या क्लबात पुन्हा पाय ठेवणार नाही,” आबा म्हणाले. “बोललो ते बोललो.”

घरी येऊन त्यांनी हे चंद्रकांताबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांच्या हातातला कणकेचा गोळा परातीत पडला.

“आणि हरलात तर साडेसहा ते साडेआठ मी कुठं ठेवू तुम्हाला?”

आबांनी हरण्याचा प्रश्नच येत नाही असं सांगितलं. तो खरंच येत नव्हता, कारण त्या टेबलाचं एक गुपित होतं आणि ते आबांइतकं कोणालाच माहीत नव्हतं. टेबल करंडकांच्या कपाटाकडं किंचित कललेलं होतं. जोरात मारलेल्या बॉलाला ते कळत नसे, पण हळू चालणारा बॉल शेवटच्या हातभर अंतरात कपाटाकडं अर्धा बॉल सरके. हा अन्याय दूर करावा म्हणून आबांनी सात वर्षांत क्लबाला अकरा अर्ज लिहिले होते, शेवटचे दोन लाल शाईत. अर्जांना उत्तर आलं नाही, आणि दरम्यान आबांनी त्या कलाचा इतका अभ्यास केला, की पांढरा बशीच्या डावीकडं सोडायचा आणि कपाटानं त्याला बशीत ओढून घ्यायचं, असा दोघांचा संसार जमला. तक्रारही चालू होती आणि संसारही.

रविवारी दुपारी चारला क्लब भरला. ज्ञानेशरावांनी छोटंसं भाषण केलं. त्यात त्यांनी सांगितलं, की मारुतीआबांची बरीच वर्षांची मागणी अंतिम सामन्याच्या निमित्तानं पूर्ण करण्यात आली आहे. शनिवारी भिका फिटरनं मशीन बसवताना लावतात ती लेव्हल टेबलावर ठेवून, पायांखाली पातळ पत्र्याच्या चकत्या सारून, टेबल पाण्यासारखं सपाट केलं आहे. आबांना आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून मुद्दाम कळवलं नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भिका फिटर मान खाली घालून लाजला.

आबांचा चेहरा पाहून लोकांना वाटलं, त्यांना भरून आलंय.

पहिला डाव त्यांनी नेहमीसारखा मांडला. काळा खालच्या कोपऱ्यात, त्याआधी हिरवा, त्याआधी जांभळा. जांभळा अलगद आत घातला आणि पांढरा बशीच्या डावीकडं सोडून दिला. आता कपाटानं ओढायचं. पांढरा शाळेतल्या हुशार मुलासारखा नाकासमोर सरळ गेला आणि सरळच थांबला. हिरवा झाकला गेला. पुढच्या फटक्याला तेच, त्याच्या पुढच्याला तेच. सात वर्षं अंगात मुरलेला अर्धा बॉल आबांच्या हातातून जाईना. तेवढ्यात मिथुननं चार धुमाकुळांत आपले सगळे बॉल संपवले आणि काळाही घातला.

आबा भिकाकडं वळले. “कोणी सांगितलं होतं तुला हे उद्योग करायला?”

“तुमीच की आबा,” भिका म्हणाला. “अकरा वेळा.”

तीनपैकी दोन डाव जिंकायचे होते. दुसरा आबांनी नुसत्या चिडीवर जिंकला. ते दर फटक्याआधी टेबलाभोवती फिरत, मनातल्या मनात अर्धा बॉल वजा करत, आणि वजाबाकी जमली की भिकाकडं डोळे वटारून बघत. शेवटच्या चार फटक्यांत पांढरा जिथं हवा तिथंच थांबला. कपाटाची मदत न घेता थांबला. हे खरं तर त्यांचं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं खेळणं होतं, पण त्याचा आनंद घ्यायला त्यांना सवड नव्हती.

तिसऱ्या डावात त्यांचा एकच बॉल उरला, आणि काळा. मिथुनचे अजून दोन होते. आबांनी आपला बॉल घातला, पण पांढरा काळ्याकडं सोडताना त्यांचा हात जुन्या वळणावर गेला. पांढरा अर्धा बॉल अलीकडं थांबला, मिथुनच्या पट्टेवाल्याच्या आड. काळा दिसेना. आबांनी कठड्याला मारून तो गाठायचा प्रयत्न केला, हुकला.

मिथुन पुढं आला. एक धडाका, एक बॉल आत. दुसरा धडाका, दुसरा आत. पांढरा इकडून तिकडं आपटत टेबलाच्या मध्याशी येऊन थांबला. काळा वरच्या कोपऱ्यातल्या पॉकेटाच्या तोंडाशी होता. पांढरा, काळा आणि पॉकेट अगदी एका रेषेत.

आबा खुर्चीत बसले होते आणि त्यांना सगळं दिसत होतं. मिथुन काठीचं मागचं टोक खांद्यापर्यंत वर घेत होता, म्हणजे नेहमीसारखा हाणणार. काळा आत जाणार, त्यात शंकाच नव्हती, आणि त्याच्या पाठोपाठ त्याच रेषेत पांढराही आत जाणार. काळ्याबरोबर पांढरा गेला की डाव गेला. आबांनी काहीही करायचं नव्हतं. हात मांडीवर ठेवून दोन श्वास बसून राहिलं की झालं. करंडक, क्लब, साडेसहा ते साडेआठ, सगळं त्यांचं.

पण समोर एक माणूस पांढऱ्याकडं न बघता मारणार होता, आणि हे आबांना आयुष्यात कधी सहन झालं नव्हतं. मिथुनची काठी आणखी मागं गेली.

“अरे गाढवा, पांढरा!” आबा ओरडले. “तो पण जातोय मागोमाग. खाली मार त्याला, बुडाशी. आणि हळू.”

मिथुन दचकला. काठी थांबली. त्यानं पांढऱ्याकडं पाहिलं, मग काळ्याकडं, मग पॉकेटाकडं, आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच त्याला ती रेषा दिसली. त्यानं काठी खाली आणली, पांढऱ्याच्या बुडाशी टेकवून पाहिली आणि हलकेच मारली. टक्. काळा आत पडला. पांढरा काळ्याच्या जागेवर पोचला आणि तिथंच उभा राहिला, जणू त्याला कोणी थांब म्हटलंय.

“हां,” आबा म्हणाले. “असा.”

मग त्यांच्या लक्षात आलं.

त्यानंतर पाऊण तास जो गोंधळ झाला त्यात सगळ्यात जास्त ओरडले ते आबाच. आबांची बाजू घेणारे म्हणाले, की खेळणाऱ्याला काही सांगू नये असा भिंतीवर नियम आहे, तेव्हा हा फटका धरू नये. ज्ञानेशरावांनी नियम चष्मा लावून वाचला. त्यात ‘इतरांनी’ असं होतं, प्रतिस्पर्धी हा इतरांत येतो की नाही हे लिहिलं नव्हतं. भिका म्हणाला डाव पुन्हा खेळवा, आणि आबा त्याच्या अंगावर धावून गेले. पुन्हा कसला खेळवायचा, सांगितलं मी पण मारला त्यानं, तुमच्यापैकी कोणाला जमला असता का तसा, आयुष्यात पहिल्यांदा पोरगं धड खेळलंय ते तुम्ही पुसून टाकणार का. आपल्याच बाजूच्या लोकांशी असं भांडून त्यांनी मिथुनचा विजय मिथुनला मिळवून दिला, काठी कोनाड्यात ठेवली आणि ते निघाले. मिथुन मागून “आबा, ऐका तं” म्हणाला, तेव्हा त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

सोमवारपासून चंद्रकांताबाईंचे दिवस फिरले. साडेसहा वाजले की आबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहत. पोळी टाकलीस, पण चिमटा कुठं ठेवलास? आता दुसरीला हात पलीकडून घ्यावा लागणार. कुकर या शेगडीवर चढवलास, मग फोडणी कुठं करणार? तिथून हाकललं की ते गॅलरीत जात आणि खालच्या रिक्षावाल्यांवर ओरडत. माणूस उतरवलास ते ठीक, पण रिक्षा अशी लावलीस की पुढचं भाडं मिळालं तर वळवणार कुठून? दोन रिक्षावाले भांडायला वर आले. एक जण पटून खाली गेला, ते चंद्रकांताबाईंना जास्तच लागलं.

कारखान्यात आबा आणि मिथुन एकमेकांशी बोलत नव्हते. तसं कामाला बोलावं लागतही नाही. मिथुन खालून हातानं वर, खाली, थांब अशा खुणा करी, आबा तशी क्रेन चालवत, आणि दोघंही दिवसभर आठ्या घालून असत.

अकराव्या दिवशी आबांनी देवघरातल्या मूर्तींच्या जागा बदलल्या, निरांजन उजव्या हाताला सोयीचं पडावं म्हणून. चंद्रकांताबाईंनी फोन घेतला, गॅलरीचं दार लावून घेतलं आणि मिथुनला लावला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आबा क्रेनवरून उतरले, तर शिडीच्या पायथ्याशी मिथुन उभा. चेहरा लालबुंद. काकूंनी अर्धा तास शिव्या घातल्या म्हणाला, आणि त्या आबांच्या वाट्याच्या होत्या. आबांनी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. तो झाला नाही.

“आन मला काय शिकवून ठेवलाव ते बघा,” मिथुन म्हणाला. “आदी मी डोळे मिटून मारायचो, बॉल जायचे. आता मारायला वाकलो का पांढराच दिसते. हा कुठं जाल, तो कुठं थांबल. अकरा दिवसांत एक डाव जिंकलो नाय. आन बाकीचे खेळतात ते तं बगवत पन नाय. काल मी भिकाला अशी शिवी दिली, माजी मलाच लाज वाटली.”

आबांना हे ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा राग आला. दिलेला शब्द मी मोडणार नाही, ते म्हणाले, तुझं तू बघ.

“नका मोडू. तुमी आत येत नाय ना, मंग आमी टेबल भायेर आनतो. पडवीत. आज साडेसहाला काढतोय.”

आबांना वाटलं तो चेष्टा करतोय. पण साडेसहाला ते क्लबाच्या अंगणात जाऊन उभे राहिले, उंबऱ्यापासून चांगले चार हात लांब, आणि त्यांच्या डोळ्यांना दिसलं ते खरं होतं. क्लबाचं दोन झडपांचं दार सताड उघडं. ज्ञानेशराव एका कोपऱ्यात हात चोळत उभे. भिका आणि आणखी सात जण टेबलाला लागलेले. आबांचा तोल तिथंच गेला. अरे, समुद्र दोन कोसांवर आहे, खाऱ्या हवेनं कापड चार दिवसांत फुगेल, पडवीचे पत्रे गळतात, टेबलात दगडाची लादी आहे तीन तुकड्यांची, सांधा उघडला तर बसवणारा तुमच्या बापजन्मात मिळायचा नाही. ते अंगणातून ओरडत होते आणि आतली माणसं ऐकू न आल्यासारखी दोऱ्या ओवत होती. कोणीतरी ‘जोर लगा के’ सुरू केलं. टेबल चार बोटं उचललं गेलं.

आणि आबांना दिसलं, की दोरी एकाच अंगाच्या दोन पायांना बांधलीय. सगळं वजन पलीकडं जाणार. टेबल कलू लागलं. दहा अंश. पंधरा. आतली लादी करकरली.

आबा उंबरा ओलांडून कधी आत गेले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी दोन जणांना कोपरानं उडवलं, खाली येणाऱ्या कडेला खांदा लावला आणि छपराखालून देत तसा हुकूम दिला. “थांब. उजवी बाजू ढिली. हळू, हळू. टेकव.” टेबल टेकलं. आबा धापा टाकत, दोन्ही हात हिरव्या कापडावर ठेवून उभे राहिले. क्लबाच्या बरोब्बर मध्यभागी.

ज्ञानेशराव हळूच जाऊन दार लोटून आले.

आबांनी मान वर केली. मिथुननं टेबल उचलायला हातसुद्धा लावलेला नव्हता. तो दोन पावलांवर, दोरीचं मोकळं टोक मनगटाला गुंडाळून, पाय रोवून उभा होता, म्हणजे आबा आले नसते तरी त्यानं ते टेबल धरलंच असतं. आबांनी पुन्हा त्या गाठीकडं पाहिलं. ती मिथुनच्याच हातची होती. सात वर्षं मिथुन त्यांच्या हुकाखाली पट्टे बांधत होता, आणि सात वर्षांत त्याचा एक पट्टा एक बोटभर चुकल्याचं त्यांनी वरून पाहिलं नव्हतं.

“माझा शब्द मोडायला लावलात तुम्ही,” आबा म्हणाले. राग खरा होता.

“आमी कुठं?” मिथुन म्हणाला. “शब्द तुमी मोडलाव, आबा. आमी तं टेबल मोडत व्हतो.”

भिका खाली बघून खोकला. आबा गुडघ्यांवर बसले आणि टेबलाच्या पायाची गाठ सोडू लागले. गाठ घट्ट होती, सुटता सुटत नव्हती, आणि दोरी बांधायची ही काय पद्धत झाली यावर ते साडेआठपर्यंत बोलत होते.